सोपानभाऊ आणि टकटकणारा डबा

“हिचं बेअरिंग गेलंय. आजचा दिस काढती का न्हाई, देव जाणे.”

रविवारी सकाळी सात वाजता कुंपणापलीकडून हे ऐकू आलं, तेव्हा मला वाटलं विहिरीवरची मोटर बिघडली. डोकावून पाहिलं. शेजारच्या सोपानभाऊंनी कॉम्प्युटरचं झाकण काढून आतल्या हार्ड डिस्कला स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं होतं आणि त्याची मूठ कानाला लावून, डोळे मिटून ते वाकले होते.

भाऊ तळेगावच्या एका कारखान्यात जन्मभर फिटर होते. निवृत्त झाल्यापासून आमच्या मळवलीतलं एकही यंत्र सुखाने चाललेलं नाही. मिक्सर, पंखे, माझ्या आईचं शिलाई मशीन, सगळ्यांना त्यांनी असंच ऐकलंय. “मशीन खोटं बोलत न्हाई, माणसं बोलत्यात,” असं ते म्हणतात. म्हणूनच बहुधा माणसांचं ते काही ऐकत नाहीत.

ही डिस्क ‘डब्या’तली. डबा म्हणजे त्यांच्या मुलाने, नितीनने, कॅनडाला जाण्यापूर्वी शेकडो पिक्चर भरून टीव्हीला जोडून दिलेला जुना कॉम्प्युटर. काकू वारल्यापासून घरात दोघेच, भाऊ आणि डबा. भाऊ पिक्चर बघत नाहीत. पहिल्या गाण्यालाच घोरायला लागतात. तरी डबा चोवीस तास चालू.

“भाऊ, आमची स्नेहा कॉम्प्युटरमधलीच आहे की!” आईने ओट्यावरून जाहीर केलं. मी घरी बसून सॉफ्टवेअर तपासते. म्हणजे एसटी बंद पडली म्हणून कंडक्टरला इंजिनात उतरवण्यातलाच प्रकार. पण ‘नाही’ म्हणायला तोंड उघडावं लागतं. त्यापेक्षा मला कुंपण ओलांडणं सोपं गेलं.

डिस्क टक-टक करत होती. मी तिची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम लावला. खराब झालेल्या जागांचा आकडा माझ्यादेखत वाढत होता. उपाय एकच: डबा ताबडतोब बंद करायचा, नवी डिस्क आणायची, आणि कोणी काही बघत नसताना सगळं तिच्यावर उतरवायचं. नाहीतर सगळं जाणार. हे मी अर्धं सांगते तोवर भाऊ म्हणाले, “इंग्लिश शाळंत आवाज ऐकायला शिकवलं न्हाई व्हय?” आणि त्यांनी शिलाई मशीनच्या तेलाची बाटली काढली.

मी ती हळूच ओढणीखाली लपवली. वाद घालायची माझी हीच पद्धत.

तेल सापडेना, म्हणून त्यांनी डिस्कखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे सरकवले आणि समोर टेबलफॅन लावला. टकटक जरा दबली.

“बघ, लोड घ्याया लागली!”

“भाऊ, बंद करायला हवं.”

“दुपारी करू. आत्ता न्हाई.”

“पण दुपारपर्यंत...”

“आत्ता न्हाई म्हणलं ना पोरी!”

म्हाताऱ्याचा हट्ट, असं मनातल्या मनात म्हणत मी स्वतःच बंद करायला गेले. तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात एक ओळ दिसली. आत्ता डब्यावरून कोण काय बघतंय, ते तिथे येतं. नितीन. कॅनडा. एक जुना मराठी विनोदी पिक्चर, चाळीस मिनिटं झालेला. तिकडूनही बघता येईल अशी सोय त्याने जाताना करून ठेवली होती.

भाऊंनी डब्यावरच्या लुकलुकत्या हिरव्या दिव्याकडे बोट केलं.

“कामावरनं आलाय. तितं आता रात्र. ताटावर बसला की लावतो.” टेबलफॅन जरा डब्याजवळ सरकवत म्हणाले, “परवा दिवा हाललाच न्हाई. दिसभर हितंच बसून व्हतो मी. काल लागला, तवा जेवलो.”

“फोन नाही करत तुम्ही?”

“सणासुदीला करतो की. उगं कशाला करायचा? कामाचं प्वार हाय. फोनला काय तरी कारण लागतं.”

स्क्रूड्रायव्हर पुन्हा कानाला गेला. बेअरिंगचा विषय मात्र त्यांनी काढला नाही.

टकटक आता पंख्याच्या आवाजातूनही ऐकू यायला लागली. टीव्हीवर ठेवलेला त्यांचा मोबाइल मी उचलला आणि त्यांच्या हातात दिला.

“कारण आहे ना, भाऊ,” मी म्हणाले. “डिस्क मरतेय. लावा फोन.”