प्रमाणित स्मरणगृह

आमच्या शहरातल्या सार्वजनिक रुग्णालयात, तातडीच्या विभागात, एका सकाळी एका शिकाऊ डॉक्टरला पुढचं आठवेना. शिडीवरून पडलेला रंगारी समोर निपचित पडला होता. आधी मान सांभाळायची, श्वास बघायचा की रक्त थांबवायचं, हा क्रम डॉक्टरच्या डोक्यातून पार पुसून गेला होता. तो नुसताच उभा राहिला. रंगाऱ्याचं नशीब बलवत्तर म्हणून शेजारच्या खाटेवरून विभागप्रमुख मॅडम आल्या, त्यांनी जे करायचं ते केलं आणि डॉक्टरला म्हणाल्या, "जा, पाणी पिऊन ये." प्रकरण खरं तर इथंच संपायला हवं होतं. पण जे प्रकरण पेलाभर पाण्यावर मिटतं त्यात वरिष्ठांना करण्यासारखं काही उरत नाही, आणि आमच्या रुग्णालयाच्या अधिष्ठात्यांना काही उरलं नाही की त्यांचा जीव कासावीस व्हायचा.

अधिष्ठाते नुकतेच कुठल्याशा परिषदेला जाऊन आले होते. तिथं जेवणाआधीचं एक भाषण त्यांनी जागेपणी ऐकलं होतं. लक्षात ठेवायच्या गोष्टी आपल्या घरातल्या खोल्यांत मनातल्या मनात ठेवून द्याव्यात आणि वेळ आली की डोळ्यांपुढे घर आणून दारापासून फिरत जावं, गोष्टी क्रमानं सापडतात, असं वक्ता म्हणाला होता. कल्पना वाईट नव्हती. वाईट कल्पनांचं आमच्याकडे फारसं काही होत नाही, त्या आपोआप मरतात. धिंडवडे निघतात ते चांगल्या कल्पनेचे.

परिपत्रक निघालं. दारात श्वासमार्ग, बैठकीच्या खोलीत श्वास, स्वयंपाकघरात रक्तस्राव, झोपायच्या खोलीत रुग्णाची शुद्ध, बाथरूममध्ये विषबाधा, दंश, ॲलर्जी आणि त्यांवरची इंजेक्शनं, गॅलरीत भाजणं. प्रत्येक डॉक्टरनं आपापल्या घरात हे सामान लावून घ्यावं आणि तसं कळवावं. डॉक्टरांनी लावलं. कळवलंही.

आठवड्याभरात घोडं कुठं पेंड खातंय ते दिसायला लागलं. ज्याच्यावरून हे सगळं सुरू झालं तो शिकाऊ डॉक्टर बायको-मुलासह एका खोलीत भाड्यानं राहत होता. त्याच्या घरात दार संपलं की लगेच खाट होती. तो रुग्णाचा श्वासमार्ग बघायचा आणि पुढं जागाच नसल्यामुळे थांबायचा. तेव्हापासून त्याचं नाव 'एकखोली' पडलं. बंगल्यात राहणाऱ्या एका डॉक्टरला रक्तस्रावापर्यंत पोचायला फाटक, कुत्रा, व्हरांडा आणि दोन दिवाणखाने ओलांडावे लागायचे, तोवर रक्त आपलं आपण थांबायचं किंवा थांबण्यासारखं काही राहायचं नाही. एका डॉक्टरबाईंना तर मनातल्या स्वयंपाकघरात शिरताच येईना, कारण मनातल्या सासूबाई दारातच विचारायच्या, "आता कुठं निघालीस?" आणि दर वर्षी घर बदलणारा एकजण होता, त्याला जुन्या घरातले रुग्ण नव्या घरात सापडत नव्हते.

समिती बसली. पद्धतीत दोष नाही, घरांत दोष आहे, असा तिचा एकमुखी निष्कर्ष निघाला. ज्याला जसं परवडेल तसं घर घेऊन तो आठवायला लागला तर रुग्णसेवेत समानता येणार कशी? तेव्हा सर्वांसाठी एकच प्रमाणित घर असावं. न पाहिलेलं घर डोळ्यांपुढं येत नाही, म्हणून ते प्रत्यक्ष बांधावं. आणि तातडीच्या विभागाला सोयीचं पडावं म्हणून ते जवळात जवळ असावं. तातडीच्या विभागाच्या सगळ्यात जवळ काय असेल, तर तातडीचा विभाग. त्यामुळे त्या मोठ्या, हवेशीर, रस्त्यालगतच्या दालनातच घर बांधायचं ठरलं आणि खाटा तूर्त बाहेर व्हरांड्यात काढल्या. 'तूर्त' हा शब्द आमच्याकडे सिमेंटपेक्षा पक्का धरतो.

घर मात्र झकास झालं. स्वयंपाकघरात काळा ओटा, बाथरूमला गुडघाभर उंचीची टाइल, ती अधिष्ठात्यांनी स्वतः चार दुकानं हिंडून पसंत केली होती. प्रत्येक खोलीच्या दारावर पितळी पाटी. डॉक्टरांना तुकडीतुकडीनं आत नेत, चपला बाहेर काढून. व्हरांड्यातले रुग्ण खिडकीतून बघत आणि त्यांना जरा बरं वाटे, निदान कुणाला तरी छप्पर मिळालं.

तरी डॉक्टरांच्या आठवणीची परीक्षा घेतली, तेव्हा निकाल पडलेलेच. पुन्हा समिती, पुन्हा तज्ज्ञ. तज्ज्ञांनी घरात फिरून निदान केलं की घर आहे, पण घरपण नाही. रिकाम्या भिंती कुणाच्या लक्षात राहतात? तिथं माणसं हवीत, वाळत घातलेले कपडे हवेत, कुणी कुणावर ओरडायला हवं. म्हणून एक योग्य कुटुंब तिथं राहायला नेमायचं ठरलं. अर्ज मागवले, छाननी झाली, आणि योगायोग बघा, सर्वांत योग्य कुटुंब अधिष्ठात्यांच्या मेहुण्यांचं निघालं. रुग्णसेवेसाठी त्या बिचाऱ्यांनी आपली भाड्याची जागा सोडली आणि फ्रिजसकट राहायला आले. अटी साध्या होत्या. आठवायला आलेल्या डॉक्टरला घंटी वाजल्यावर आत घ्यायचं. डॉक्टरांनीही दुपारच्या झोपेच्या वेळी शक्यतो काही आठवू नये.

आता राहिल्या मॅडम. मॅडम त्या घरात कधी गेल्याच नाहीत. व्हरांड्यात खाटांच्या मधून वाट काढत त्या आपले रुग्ण बघायच्या, आणि त्यांचे रुग्ण बरे व्हायचे, हे तर फारच अडचणीचं होतं. तपासणी पथक आलं तेव्हा त्यातल्या एका साहेबांनी त्यांना विचारलं, "हे उपचार आपल्याला कुठल्या खोलीत आठवले?"

"आठवावे नाही लागले," मॅडम म्हणाल्या. "इतकी वर्षं करतेय. येतात मला."

पथकाचे चेहरे पडले. आज येतात, उद्या आले नाहीत तर जबाबदार कोण? मॅडमवर 'गृहबाह्य स्मरणा'चा ठपका आला आणि त्यांची बदली मागच्या इमारतीत, धुलाई विभागात झाली. तिथं चादरींवर देखरेख करायची होती. चादरींच्या बाबतीत त्यांना काय येतं आणि काय नाही हे कुणी विचारलं नाही.

शिवाय पुन्हा असं घडू नये म्हणून नियम आला. औषधाच्या खिडकीवर डॉक्टरनं हे औषध आपल्याला कोणत्या खोलीत आठवलं ते सांगायचं, आणि त्या रुग्णासाठी त्या खोलीत प्रत्यक्ष जाऊन आल्याशिवाय औषध मिळणार नाही. खिडकीमागचा औषधवाला स्वभावानं वाईट नव्हता. नियम आवडणारा होता, एवढंच. असली माणसं वाईट माणसांपेक्षा जास्त नुकसान करतात असं माझं स्पष्ट मत आहे.

या नव्या व्यवस्थेत एकखोलीचा भाग्योदय झाला. ज्यानं जन्मात दुसरी खोली पाहिली नव्हती त्याला आयती पाच खोल्यांची स्मरणशक्ती मिळाली. तो डोळे मिटून घरभर फिरायचा, कुठल्या खुंटीला मेहुण्यांचा सदरा आहे ते सांगायचा. त्याला कायम करण्याचा प्रस्ताव वर गेला होता. कायम झाला की राहायला जागा मिळणार होती, बायकोनं तर पडद्यांचा रंगही ठरवला होता.

आणि अशा वेळी शिलाई मशिन दुरुस्त करणारा एक माणूस आपल्या थोरल्या बहिणीला घेऊन आला.

गच्चीवर कपडे वाळत घालताना ताईला गांधीलमाशी चावली होती. चावते कुणालाही, पण ताईचे ओठ आणि डोळे बघता बघता सुजले, अंगभर गांध्या उठल्या, आणि श्वास घेताना छातीतून शिट्टी वाजायला लागली. भावानं तिला स्कूटरवर पुढं बसवून, एका हातानं धरून आणलं होतं. आई गेल्यावर त्याला हिनंच वाढवलं होतं. व्हरांड्यातल्या खाटेवर टेकता टेकता ती तुटक तुटक म्हणाली, "दुकान उघडंच टाकून आलास ना रे?"

एकखोलीनं तिच्याकडे बघितलं आणि त्याला कळलं. इंजेक्शन कोणतं, मांडीत द्यायचं, आणि आत्ता द्यायचं, हे सगळं त्याला एका क्षणात कळलं. हा माणूस मूर्ख नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. तो धावत औषधाच्या खिडकीशी गेला आणि इंजेक्शन मागितलं.

"कुठल्या खोलीत आठवलं?" औषधवाल्यानं विचारलं.

"बाथरूम."

"जाऊन आलात?"

"अजून नाही. बाई तिकडे सुजत चालल्यात हो."

"मग आधी जाऊन या. मी इथंच आहे."

एकखोली घराकडे धावला, मागोमाग भाऊ. घंटी वाजवली. मेहुण्यांच्या पत्नींनी दार उघडलं आणि भावाला चपला काढायला लावल्या. बैठकीच्या खोलीत टीव्ही चालू होता. स्वयंपाकघरात कणीक भिजत होती. झोपायच्या खोलीत गाद्या अजून तशाच होत्या. एकखोलीनं एकही खोली गाळली नाही, प्रत्येक पाटीसमोर तो थांबला, आणि शेवटी बाथरूमशी आला. दार आतून बंद होतं. आत पाणी पडत होतं आणि मेहुणे तब्येतीत गुळण्या करत होते.

एकखोलीनं दार वाजवलं. आतून आवाज आला, "होतंय, होतंय."

भाऊ हात जोडून म्हणाला, "डॉक्टरसाहेब, तुम्हाला औषध माहीत आहे ना?"

"माहीत आहे."

"मग द्या की. ती माझी बहीण आहे हो."

एकखोलीनं बंद दाराकडे बघितलं. "माहीत असणं वेगळं," तो हळू आवाजात म्हणाला. "आठवण रीतसर व्हावी लागते. नाहीतर माझी गत मॅडमसारखी होईल."

त्यानं पुन्हा दार वाजवलं. मेहुण्यांच्या पत्नी म्हणाल्या की त्यांना घाई केलेली चालत नाही, पोटाचा त्रास आहे. मग त्यांनी भावाला बसायला सांगितलं. पाणी हवं का विचारलं. तो बसला नाही. टाइलवरून सरकणाऱ्या पाण्याचा आवाज तो ऐकत राहिला, आणि एकखोली दारावर टकटक करत राहिला, फार जोरात नाही, कारण आत शेवटी अधिष्ठात्यांचे मेहुणे होते.

मेहुणे गळ्यात टॉवेल टाकून बाहेर आले. सकाळी सकाळी तुम्हाला काय एवढं आठवायचं असतं, असं कुरकुरत त्यांनी वाट दिली. एकखोली आत गेला, त्यानं पाटी वाचली, बाहेर आला, खिडकीवर पळाला, खोली सांगितली. औषधवाल्यानं लगेच इंजेक्शन दिलं, क्षणाचाही वेळ लावला नाही.

ताई गेली होती. व्हरांड्यात, खाटेच्या कडेला, एकटी. भाऊ तिच्याजवळ अनवाणीच बसला, त्याच्या चपला त्या घराच्या दाराशी राहिल्या होत्या. मॅडम मागच्या इमारतीत होत्या, त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. तिच्यावर घालायची चादर तेवढी त्यांच्याकडून आली.

मला संताप येतो तो इथं. आणि चौकशी अहवाल वाचल्यावर तर तळपायाची आग मस्तकात जाते. चौकशीत सर्वांनी नियम पाळल्याचं आढळलं. कसोटीच्या क्षणीही स्मरणाची शिस्त न मोडल्याबद्दल एकखोलीचं अभिनंदन झालं, त्याला कायम केलं गेलं, आणि पडदे निळे आले. विलंबाचं एकमेव कारण घरात एकच बाथरूम असणं हे होतं, म्हणून दुसरं बांधण्याची शिफारस झाली. जागा व्हरांड्याची घ्यायची ठरली. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात. आमच्याकडे पुढचा बैल बाहेर काढून झोपा करतात.

भावाकडे माणसं भेटायला आली. त्यानं प्रत्येकाला सगळं सांगितलं, गांधीलमाशी, इंजेक्शन, बंद दार. माणसं चुकचुकली. "फार वाईट झालं," म्हणाली. मग एकानं विचारलं, "पण काय हो, आत स्वयंपाकघर म्हणे चांगलं ऐसपैस आहे?" दुसऱ्यानं हवा खेळती आहे का ते विचारलं. शेजारच्या काकूंना माळा आहे का ते जाणून घ्यायचं होतं. दुकानात मशिन घेऊन आलेल्या एका गिऱ्हाइकानं आवाज खाली करून चौकशी केली, मेहुणे किती वर्षं राहणार आहेत, आणि पुढचं कुटुंब कुणाच्या ओळखीनं लागतं. भाऊ पहिल्यांदा चिडला. नंतर त्यानं चिडणं सोडलं. आता कुणी विचारलं तर मशिनवरची मान वर न करता तो सांगतो, "आहे. मोठं आहे."

तुम्ही या लोकांना नावं ठेवाल, तुम्ही सुज्ञ वाचक. पण काळा ओटा तुम्हाला आवडला, टाइल गुडघाभरच का लावली हे तुमच्याही मनात येऊन गेलं, आणि मेहुण्यांच्या गुळण्यांना तुम्ही चांगलं खुदकन हसलात. ताई बाहेर व्हरांड्यात एकटी होती, तेव्हा तुम्हीही आतच होतात.