दोन प्रोसेसरांच्या शमीमआपा

रत्नागिरीत कुणाच्याही घरी लग्नाची कॅसेट लावा, नवरानवरीच्या आधी शमीमआपांचा आवाज ऐकू येईल.

"मान वर. वर म्हणजे आकाशात नाय, माझ्याकडे. नवऱ्या, हस की! मारणारी उद्यापासून, आज कोण मारत नाय!"

कॅमेरा आपांच्या खांद्यावर, त्यामुळे त्या कधी दिसत नसत. लोक तक्रार करत, "आपा, मंगलाष्टकं ऐकू येत नाहीत, तुम्हीच ऐकू येता." त्यावर आपांचं उत्तर ठरलेलं. "मी बोलले नसते तर तुमच्या जावयाचं कॅसेटभर नुसतं टाळकंच दिसलं असतं."

आमची बिऱ्हाडं एकाच मजल्यावर, दारासमोर दार. त्यांचे यजमान हसनभाई कतारला एका गोदामावर कामाला होते. मुसलमान मोहल्ल्यांतल्या लग्नांत बायकांच्या बाजूला पुरुष कॅमेरावाला चालत नसे, म्हणून आपांनी कॅमेरा उचलला, आणि बघता बघता हिंदूंच्या घरांतूनही त्यांना बोलावणी येऊ लागली. कुणी म्हणालं, "बाईमाणसाला हे कशाला?" की त्या पदर खोचून विचारायच्या, "कारण सांगा." कारण सांगायला उभं राहण्याची हिंमत फारशी कुणाची होत नसे.

शूटिंग आपांचं, पण कापणं-जोडणं कोल्हापुरात व्हायचं. तिथल्या मिक्सिंगवाल्याची आवड निराळी होती. त्याच्या हातून परतलेल्या कॅसेटीत नवरा गुलाबातून उगवे, नवरी बदामातून. आपा कपाळावर हात मारत. "माणसं हायत की मुखवास?"

पण खरा भडका उडाला तो पूर्णगडच्या एका लग्नावरून. नवऱ्याच्या म्हाताऱ्या आजीने नातवाचा चेहरा दोन्ही हातांत धरला होता आणि बराच वेळ सोडलाच नव्हता. आपांनी ते सगळं टिपलं होतं. मिक्सिंगवाल्याने ते कापलं आणि त्या जागी उडती कबुतरं घातली. पुढे नवऱ्याच्या भावाचा मस्कतहून फोन आला, "आपा, सगळे दिसले, आजी कुठाय?" आपांनी कोल्हापूरला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, "फालतू भाग होता, काढला."

रिसीव्हर खाली आपटून आपा थेट माझ्या स्वयंपाकघरात. "आजी फालतू? हा कोण ठरवणारा? वहिनी, मी कॉम्प्युटर घेणार. तुम्ही चला संगतीनं."

"मी काय करू तिथे?"

"तुमच्या कचेरीत कॉम्प्युटर हाय ना!"

होता. मी त्यावर पत्रं टाइप करत असे, आणि तो बंद पडला की शिपायाला हाक मारत असे. पण आपांना नाही म्हणणं माझ्या घराण्यात कुणालाच जमलेलं नाही.

कोल्हापूरच्या दुकानात शेठजींनी आम्हाला बसवलं, थंड मागवलं आणि प्रेमाने विचारलं, "साहेब कधी येतायत?"

"कुठले साहेब?"

"म्हणजे... घेणारे."

"साहेब कतारला. घेणार मी, चालवणार मी, बिघडला तर तुमच्या दारात येऊन बसणार पण मीच. बोला."

शेठजींनी एक चकचकीत मशीन दाखवलं. त्यावर स्पीकर फुकट, गेमची सीडी फुकट, माऊसखालची चटईसुद्धा फुकट. आपांनी पिशवीतून कॅमेरा, वायर आणि स्वतःची टेप काढली. "हे यात उतरवा. उतरताना मला दुसरीकडे नावं लिहायची हायत, आणि खाली गाणं वाजलं पाहिजे. तिन्ही एका वेळी."

शेठजींनी बटणं दाबली. टेप सुरू झाली. आपांनी नाव लिहायला घेतलं, गाणं लावलं आणि मशीनने मान टाकली. पडद्यावर नवरा पेढा घ्यायला आ वासून उभा राहिला तो राहिलाच. गाणं एकाच अक्षरावर उचक्या देऊ लागलं.

"आपा, एका वेळी एकच काम करा ना," शेठजी काकुळतीला आले.

"एका वेळी एकच काम करणारा आमच्याकडे एक होता. बोकड. नुस्ता खायचा." आपांनी खुर्ची पुढे ओढली. "माझं बघा. चुलीवर कालवण, कानाला फोन, मांडीवर टेप, दारात गिऱ्हाईक. मला चार जमतात, ह्याला दोन नकोत जमायला?"

"तसलं वर्कस्टेशन येतं, दोन प्रोसेसरांचं. पण ते मुंबईच्या सिनेमावाल्यांसाठी. लग्नाबिग्नाला हे भरपूर झालं."

आपा उठून उभ्या राहिल्या. दुकानातली इतर गिऱ्हाइकंही वळून बघू लागली.

"सिनेमातलं लग्न खोटं. त्याला खरं मशीन. आमचं लग्न खरं, त्याला हे खेळणं? कारण सांगा."

शेठजींनी माझ्याकडे पाहिलं. मी थंड प्यायले.

मग मात्र त्यांनी वही ओढली आणि नीट समजावून सांगू लागले. प्रोसेसर दोन, म्हणजे एक चित्रात गुंतला तरी दुसरा बाकीची कामं उरकेल. हार्ड डिस्कही दोन, एक मशीनच्या स्वतःच्या संसाराला, दुसरी फक्त चित्रांना. पडदेही दोन. आपा प्रत्येक गोष्टीला "कारण सांगा" म्हणत होत्या आणि शेठजी कारण सांगत होते. शेवटी आपांनी निकाल दिला. "स्पीकर राहू द्या, खेळ राहू द्या. त्याच्याऐवजी मेमरी वाढवा."

पडदे ट्रकने आले, पण मशीनचा डबा आपांनी ट्रकवर सोपवला नाही. एसटीत मांडीवर घेतला. कंडक्टर म्हणाला, "बाई, वर टाका ते." आपा म्हणाल्या, "तुमचं पोर टाकता काय वर?" आंबा घाटाच्या प्रत्येक वळणावर त्या डब्याला छातीशी कवटाळत होत्या आणि ड्रायव्हरला बसल्या जागेवरून दम भरत होत्या.

गावातले व्हिडिओवाले म्हणाले, पडून राहील, कपाट होईल त्याचं. झालं नाही. दिवसभर एका पडद्यावर कापून-जोडून झालेलं लग्न पक्कं होत असे, त्याला रेंडरिंग म्हणतात हे मला आपांकडून कळलं. दुसऱ्या पडद्यावर त्या पुढच्या लग्नाची नावं लिहीत. मध्येच उठून मासळी परतत. त्यांच्या लग्नांतून गुलाब गेले, कबुतरं गेली, आज्या परत आल्या.

मग त्यांच्या मुलीचं, नसरीनचं लग्न ठरलं. हसनभाईंना रजा मिळाली नाही. मी सांत्वनाला गेले तर आपा टेपांवर चिठ्ठ्या चिकटवत होत्या.

"मला ठाऊक होतं वहिनी. त्यांचा मालक तसलाच हाय. तो नाय सोडणार, तर मी इथलं सगळं तिथे पाठवणार. त्या बदामवाल्याच्या हातात नव्हतं द्यायचं मला हे."

लग्नात दुसरा कॅमेरावाला लावा म्हणून सगळ्यांनी विनवलं. ऐकलं नाही. मुलीच्या मेंदीपासून पाठवणीपर्यंत स्वतः उभ्या राहिल्या. पाठवणीला मुलगी गळ्यात पडायला आली, तेव्हाही त्यांनी तिला एका हाताने धरलं, दुसऱ्या हातात कॅमेरा चालू होता. पुढे कितीतरी दिवस त्या मशीनसमोर होत्या. कतारला जाणाऱ्या एका गाववाल्याबरोबर सीडी गेल्या.

थोड्या दिवसांनी, एका दुपारी, आपा कॅमेरा घेऊन माझ्या दारात आल्या.

"ह्यांचा फोन होता. सगळं दोनदा बघितलं म्हणाले. मग म्हणाले, सगळे दिसले, तू कुठे होतीस?"

आपांनी कॅमेरा माझ्या हातात दिला, तांबडं बटण दाखवलं आणि खिडकीतल्या उजेडात स्टुलावर जाऊन बसल्या. मी बटण दाबलं.

"दिसते ना मी?"

"दिसता."

आपांनी गळ्यातला काळ्या मण्यांचा सर सारखा केला. मग डोक्यावरचा पदर हळूच मागे सारला. पुढचे केस पार पांढरे झाले होते. मी समोरच्या दारात राहूनही ते कधी पाहिले नव्हते.

"बघून ठेवा," त्या कॅमेऱ्याच्या काचेकडे बघत म्हणाल्या. "आल्यावर दारात ओळखायला पाहिजे."