तीनशे छत्तीस पौंड, इंचाला

एखादा समाज किती पुढारलेला आहे, हे तो एका मापातला आकडा दुसऱ्या मापात किती गांभीर्याने नेतो यावरून ओळखावं. या कसोटीवर आमचं शहर बरंच पुढे आहे. आमच्याकडे त्यासाठी स्वतंत्र मापांतर कक्ष आहे.

शहराच्या रुग्णवाहिकेची मागची स्प्रिंग तुटली, तेव्हा या कक्षाची उपयुक्तता सिद्ध झाली. गाडी बाहेरच्या बनावटीची (भेट म्हणून आलेली, त्यामुळे तिला नावं ठेवणं असभ्यपणाचं). जुन्या स्प्रिंगवर छापलं होतं : ३३६ पौंड, इंचाला. म्हणजे ती एक इंच दाबायची तर तीनशे छत्तीस पौंड वजन ठेवावं लागतं. नवी स्प्रिंग करणाऱ्या कारखान्याला मात्र किलो आणि मिलिमीटर एवढंच कळतं. उत्तर आहे सहा किलो, मिलिमीटरला. ते कुठलाही गॅरेजवाला चहा निवायच्या आत देतो. म्हणूनच ते विश्वासार्ह मानता येत नाही.

कक्षात दोन खोल्या आहेत. एक वजनाची, एक अंतराची. वजनाच्या खोलीने ३३६ पौंडांचे १५२.४ किलो केले आणि ते अगदी बरोबर केले. मग फाइल अंतराच्या खोलीत गेली. एका इंचात २५.४ मिलिमीटर असतात, हे तिथे शिपायापासून सगळ्यांना पाठ आहे. त्यांनी १५२.४ ला २५.४ ने गुणलं. वास्तविक भागायला हवं होतं, कारण इंचभर दाबायला जेवढं वजन लागतं त्यापेक्षा मिलिमीटरभर दाबायला कमी लागणार. पण वजनाचा विचार करणं अंतराच्या खोलीच्या अधिकारात बसत नाही. (एका कर्मचाऱ्याने पूर्वी तो केला होता. त्याची बदली झाली.) उत्तर निघालं ३८७१ किलो, मिलिमीटरला.

कारखान्याने नम्रपणे कळवलं की इतकी कडक स्प्रिंग बनत नाही. तिच्या सर्वांत जवळची वस्तू म्हणजे लोखंडी खांब. कक्षाने दोन खांब मंजूर केले, कारण स्प्रिंगा जोडीने बदलायच्या असतात आणि नियम म्हणजे नियम.

निकाल डोळे दिपवणारे होते. स्प्रिंग दबण्याच्या घटना : शून्य. करकरण्याच्या तक्रारी : शून्य. बेशुद्ध अवस्थेत गाडीत ठेवलेले रुग्ण वाटेतच शुद्धीवर येण्याचं प्रमाण : चौपट.

एवढं असूनही गाडीचा ड्रायव्हर समाधानी नव्हता. त्याची आई घसरून पडली होती आणि तिचं मांडीचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया गुरुवारी, मोठ्या इस्पितळात. "वाटेत धक्का बसला तर पुन्हा चालणं विसरा," असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि माणसाला आडवं नेता येईल अशी शहरात ती एकच गाडी. तो कक्षप्रमुखांकडे गेला.

"साहेब, ते खांब काढा हो. आईला न्यायचंय."

"आकडा चुकलाय, ते मलाही दिसतंय. मी काय आंधळा आहे?"

"मग करा की दुरुस्त!"

"माझी चूक मीच दुरुस्त केली, तर लोक म्हणतील, यांच्या मनाला येईल ते करतात. दोन तटस्थ नागरिकांनी हिशेब तपासून सही करू दे. सहा किलोवाली जोडी कपाटात तयार आहे, तासाभरात बसवतो."

"माझी मावशी करेल सही."

"नातेवाईक तटस्थ नसतात."

ड्रायव्हर कागद घेऊन गल्लीत फिरला. औषधाच्या दुकानदाराने हात जोडले. "आकडे दिसले की माझं डोकंच चालत नाही बघ." (गोळ्यांचा डोस मात्र तोच समजावून सांगतो.) मास्तर म्हणाले, "मी भूगोलाचा." खालच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "यांना विचारून सांगते, भावजी." 'हे' म्हणाले, "हिला विचारून सांगतो." आपल्याला वाचता येत नाही, असं आमच्याकडे कोणी हसत सांगत नाही, गणित येत नाही, हे मात्र दागिन्यासारखं मिरवतात. सह्या : शून्य. हळहळ व्यक्त करणारे : शंभर टक्के.

गुरुवारी ड्रायव्हरने आईला खाटेसकट उचलून न्यायचं ठरवलं, तशी सगळी गल्ली न बोलावता धावून आली. दुकानदाराने शटर ओढलं. मास्तरांनी बाह्या सरसावल्या. "डावीकडून उचला! अहो, तुमची डावी!" "खड्डा आहे, खड्डा!" खाटेवरून म्हातारी ओरडली, "हळू रे मेल्यांनो, मी काय कपाट आहे?" तिला इस्पितळात अलगद पोहोचवलं. शस्त्रक्रिया नीट झाली. आता ती काठी घेऊन चालते आणि सगळ्यांची विचारपूस करते. रुग्णवाहिकेबद्दल त्या दिवशी एकही तक्रार न आल्याची नोंद कक्षाने घेतली.

भागाकार तपासायला दोन माणसं आणि अर्धं मिनिट लागलं असतं. खाटेला आठ माणसं लागली आणि अख्खी सकाळ गेली. तुम्ही मागच्या पायाशी होतात. घाम पुसत घरी आलात आणि जेवताना सगळ्यांना सांगितलंत, माणुसकी अजून शिल्लक आहे म्हणून.

खरंच आहे. खांबही आहेत.