उरलेलं शहर

म्युनिक आणि हॅम्बुर्ग ही दोन शहरं बुधवारी सकाळी साडेदहा वाजता नाशिकला कुमुद आठल्ये यांच्या फ्लॅटवर स्वतः आली, कारण परदेशी जाऊ इच्छिणाऱ्याने दोन शहरांतून एकाची निवड समोरासमोर करावी असा नियम आहे.

वॉचमनने रजिस्टरमध्ये रीतसर नोंद केली. नाव: म्युनिक. कोणाकडे: आठल्ये, तिसरा मजला. काम: खासगी. त्याखाली हॅम्बुर्गचं नाव लिहिलं आणि नदी पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये लावू नका, एवढं सांगून त्याने फाटक उघडलं. दोघांबरोबर निवड कार्यालयाचे निरीक्षक ढोणगडे होते. त्यांच्या काखेत फाईल होती.

म्युनिकने चपला ठेवायची जागा विचारून घेतली आणि ते हॉलमधल्या मोठ्या सोफ्यावर, मनोरे जरा आत ओढून, नीट बसलं. हॅम्बुर्गला हॉल पुरेना. त्याने बंदराची बाजू गॅलरीत ठेवली आणि बाकीचं शहर दारात उभं राहिलं. फरशी ओली झाली. कुमुदने तिथे पोतेरं टाकलं.

कुमुद एकसष्ट वर्षांची होती. एकोणतीस वर्षं तिने घरच्या घरी जर्मन शिकवलं होतं. तिच्या हाताखालून गेलेले इंजिनियर आज स्टुटगार्टपासून ड्रेस्डेनपर्यंत नोकऱ्या करत होते आणि दर डिसेंबरला तिला बर्फाचे फोटो पाठवत होते. ती स्वतः मात्र कधी गेली नव्हती. आधी सासूबाईंचं आजारपण होतं, मग मुलीची बारावी, मग मुलीचं बाळंतपण. दर वेळी तिचा नवरा, पद्माकर, "पुढच्या वर्षी बघू" म्हणाला होता. यंदा त्याने आपणहून अर्ज आणून तिच्या नावाने भरला, तेव्हा तिला बरं वाटलं होतं. दोन शहरांपैकी कुठलं, हे तिने मुद्दाम ठरवलं नव्हतं. घरी येतील, त्यांच्याशी बोलू, प्रश्न विचारू, मग सावकाश ठरवू. तिला खरी हौस त्या ठरवण्याचीच होती.

"अर्जदार कोण?" ढोणगड्यांनी विचारलं.

"अर्ज हिच्या नावावर आहे," पद्माकर म्हणाला. तो पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला होता आणि सरकारी माणसाशी कसं बोलावं हे आपल्याला कळतं, असं त्याचं मत होतं. "पण काय ते माझ्याशी बोला."

मग पद्माकर म्युनिकशी तासभर बोलला. तुमच्याकडे शाकाहारी जेवण मिळतं का, फुटपाथ सपाट आहेत का, दर किती अंतरावर बसायला बाकं आहेत. म्युनिकने सगळ्याची सविस्तर उत्तरं दिली. हॅम्बुर्गला त्याने एकच प्रश्न विचारला, पाऊस किती दिवस असतो. हॅम्बुर्ग म्हणालं, बरेच. पद्माकरने ढोणगड्यांकडे बघून मान हलवली.

कुमुद चहाचा ट्रे धरून उभी होती. बोलण्यात मध्ये थोडी जागा मिळाल्यावर तिने म्युनिकला जर्मनमध्ये विचारलं, की तुमच्याकडे एकट्या बाईला नुसतं बसून राहायला, कुणी काही न विचारता, कुठे बरं वाटतं?

म्युनिकने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. उत्तर मात्र त्याने इंग्रजीतून दिलं, आणि तेही पद्माकरला. मग ते ढोणगड्यांकडे वळलं. "बाईंचं व्याकरण निर्दोष आहे. पण ही भाषा चाळीस वर्षांपूर्वीच्या पाठ्यपुस्तकातली आहे. आमच्याकडे असं आता कुणी बोलत नाही. तशी अडचण काही नाही."

ढोणगड्यांनी नोंद केली: भाषा, जुनी.

"तिला झेपेल तेवढंच बघतोय आम्ही," पद्माकर हसून म्हणाला. लग्नाच्या आधी तिला बघायला आले होते, तेव्हाही त्याच्या काकांनी "जरा जर्मनमध्ये बोलून दाखवा" म्हटलं होतं आणि ती बोलल्यावर सगळे असेच हसले होते.

कुमुदने ट्रे टीपॉयवर ठेवला आणि ढोणगड्यांच्या मांडीवरचा अर्ज उचलला. एकोणतीस वर्षं उत्तरपत्रिका तपासल्यामुळे कुठलाही कागद ती पाठपोट वाचत असे. सातव्या रकान्यापाशी ती थांबली. 'निवडलेले शहर' या शब्दांपुढे निळ्या शाईत, पद्माकरच्या गोलसर अक्षरात 'म्युनिक' असं लिहिलेलं होतं. तारीख गेल्या शनिवारची होती.

"हे काय आहे?"

"अगं, रकाना रिकामा ठेवला तर अर्ज परत येतो," पद्माकर म्हणाला. "आपला खानापूरकर जाऊन आलाय ना, त्याला विचारून लिहिलं. हॅम्बुर्गचा पाऊस, तुझे गुडघे... तुझ्याच सोयीचं बघितलं."

"मग ही दोघं आज कशाला आली?"

"औपचारिकता, मॅडम," ढोणगडे म्हणाले. "कागदोपत्री निवड झालेली आहे."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती म्युनिककडे वळली आणि जर्मनमध्ये बोलायला लागली. ती अकरा मिनिटं बोलली. ढोणगड्यांनी घड्याळ लावलं होतं. आपण आधीच ठरलेलो आहोत हे माहीत असून तू माझ्या सोफ्यावर बसून माझी परीक्षा घेतलीस, माझ्या हातचा चहा प्यायलास आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या नवऱ्याला दिलंस, असं ती म्हणाली. पुढचं बरंच काही पाठ्यपुस्तकात नव्हतं. म्युनिकच्या दोन चौकांमधले दिवे दिवसाढवळ्या लागले आणि विझले.

"रागात तुम्ही अगदी आजचं जर्मन बोलता," दारातून हॅम्बुर्ग म्हणालं.

"तुम्हाला कुणी विचारलं नाही," कुमुद म्हणाली.

"कुमुद, पाहुण्यांसमोर काय हे," पद्माकर ढोणगड्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला. "ती अशी नाही हो. आज जरा..."

"मी अशीच आहे," ती म्हणाली. "तुम्ही मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं." मग तिने अर्ज उलटा केला आणि मागचा बारीक मजकूर बोटाने दाखवला. "ढोणगडे, सोळावा नियम वाचा."

ढोणगड्यांनी चष्मा लावला. "निवडीचा रकाना ज्याच्या हस्ताक्षरात असेल, प्रवास त्याने करावा." त्यांनी तो पुन्हा मनात वाचला. "बरोबर आहे. साहेब, तयारी करा. निवड झालेलं शहर प्रवाशाला सोबत घेऊन जातं. मुक्काम तीन महिने."

"पण मला कुठे जायचंय?" पद्माकर म्हणाला. "मला तिकडची भाषासुद्धा येत नाही."

"तशी अडचण काही नाही," म्युनिक म्हणालं आणि उठलं.

कुमुदने त्याची बॅग भरली. रागात असली तरी बनियन, स्वेटर, रक्तदाबाच्या गोळ्या, सगळं घड्या घालून भरलं. पद्माकर दोनदा म्हणाला, "मी चांगल्यासाठीच केलं गं." तो खोटं बोलत नव्हता, हे तिला माहीत होतं, त्याने ती जास्तच चिडली. दुपारी सव्वा वाजता म्युनिक त्याला घेऊन जिना उतरलं.

"आता तुमच्यासाठी हॅम्बुर्ग राहतं," ढोणगडे कोरा अर्ज काढत म्हणाले. "इथे नाव लिहा."

"उरलेलं मला नको," कुमुद म्हणाली. "उरलेला भात, उरलेली खोली, उरलेली सुट्टी, सगळं घेऊन झालंय माझं. दोन शहरं समोर ठेवा, मग मी निवडीन."

ढोणगड्यांनी नियम पाहिले. एकाच शहरातून निवड करता येत नाही, हे त्यांना मान्य करावं लागलं. "दुसरं शहर यायला आठ आठवडे लागतील."

"मी थांबतो तोपर्यंत," हॅम्बुर्ग म्हणालं. "माझा कार्यभार ब्रेमेनकडे दिलाय."

हॅम्बुर्ग आठ आठवडे थांबलं. गॅलरीत त्याच्या बोटी लागत, त्यामुळे कपडे वाळत घालायची पंचाईत झाली. खालच्या मजल्यावरच्या बागूलबाईंच्या छताला ओल आली आणि त्यांनी सोसायटीकडे दोन पत्रं दिली. हॅम्बुर्गची वागणूक चांगली होती. ते कुमुदशी जर्मनमध्ये बोले, चुकलं तर सांगे, ती नुसतं जुनं बोलली तर ऐकून घेई. संध्याकाळी ती त्याच्या एका पुलावर खुर्ची टाकून बसे आणि ते काही विचारत नसे. रविवारी पद्माकरचा फोन येई. फुटपाथ सपाट आहेत, तो सांगे, पण बोलायला कुणी नाही. मग गोळ्या बॅगेच्या कुठल्या कप्प्यात आहेत, ते विचारी. ती कप्पा सांगे आणि फोन ठेवी. राग कमी होईल असं तिला वाटलं होतं. तो झाला नाही.

नवव्या आठवड्याच्या मंगळवारी ढोणगडे बर्लिनला घेऊन आले. बर्लिन धुळीने माखलेलं होतं, त्याचं निम्मं अंग खोदून ठेवलेलं होतं आणि उशीर झाल्याबद्दल त्याने माफी मागितली नाही. कुमुदने दोन्ही शहरांना समोरासमोर बसवलं. ती मध्ये बसली. तिने दोघांना तेच सतरा प्रश्न विचारले आणि उत्तरं वहीत लिहून घेतली. चहा ढोणगड्यांनी केला. अडीच तास लागले, आणि ते अडीच तास तिला फार आवडले.

मग तिने सातव्या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिलं: बर्लिन.

गॅलरीतल्या बोटींचे भोंगे एकदम बंद झाले.

"मी आठ आठवडे थांबलो," हॅम्बुर्ग म्हणालं. त्याचा आवाज चढलेला होता. "पोतेऱ्यावर पाय पुसले. रोज तुमच्याशी बोललो. माझ्यात काय कमी होतं?"

"काही कमी नव्हतं."

"मग?"

"मला बर्लिन बघायचंय."

"आणि मी थांबलो त्याचं काय?"

"थांबलं की काही मिळतं, असं मला कुणी कधी सांगितलं नाही," कुमुद म्हणाली. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

हे तिला स्वतःलाच लागलं. तिने ते मागे घेतलं नाही.

हॅम्बुर्गने पूल दुमडले, बोटी आत घेतल्या आणि कुणाचा निरोप न घेता ते जिन्याने उतरलं. दार त्याने जोरात आपटलं. ढोणगड्यांनी 'नाकारलेल्या शहराची प्रतिक्रिया' या रकान्यात 'साहजिक' असं लिहिलं आणि पोच फाडून दिली.

कुमुदने गॅस बंद केला आणि किल्ली बागूलबाईंकडे दिली. बर्लिनने तिची बॅग उचलली नाही. ते त्याला सुचलंच नाही. ती स्वतः बॅग घेऊन तीन मजले उतरली, गुडघे दुखत होते, आणि रस्त्यावर आल्यावर तिने बर्लिनला कडेने चालायला सांगितलं, कारण इथले रिक्षावाले बघत नाहीत.