सगळं कसं हातानं

"काकीमा, मला विकतचं म्हणजे काही म्हणजे काहीच नकोय. लग्न कसं जुन्या बंगाली वळणाचं, देखणं आणि सगळं हातानं केलेलं हवं," असं तितिरनं भाद्रपदात जाहीर केलं, तेव्हा घरातल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. हात कुणाचे, हे मात्र कुणी विचारलं नाही. मिनतीकाकीमानंही नाही. चूक तिथेच झाली.

माघ उजाडेपर्यंत मिनतीनं तीनशेवीस पत्रिकांवर माशांच्या तीनशेवीस जोड्या रंगवल्या होत्या. नवरदेवाकडे पाठवायच्या साड्यांना घड्या घालघालून त्यांचे मोर केले होते. शेवटच्या मोराची मान पडली, तेव्हा तिनं ती बघितली न बघितल्यासारखी केली. घरी येईल त्याला तितिरची आई, म्हणजे मिनतीची थोरली जाऊ, सांगायची, "आम्ही सगळं घरीच केलं हं!" त्या 'आम्ही'त मिनती कुठेतरी असणारच. पण एकदा, फक्त एकदा, चार माणसांत कुणीतरी आपलं नाव घ्यावं, एवढ्या आशेवर तिची पाठ अजून सरळ उभी होती.

शेवटचं काम पाटाचं. नवरीनं ज्यावर बसायचं आणि भावांनी जो उचलून नवरदेवाभोवती सात फेरे घालायचे, तो पाट. त्यावर फुलपाखरू रंगवून मिनतीनं तो आठवड्यापूर्वीच वाळवून ठेवला होता. लग्नाच्या दिवशी सकाळी तितिर हळदीच्या अंगानं आली आणि पाटाकडे बघत राहिली.

"काकीमा, हे फुलपाखरू ना, विकतचं वाटतंय."

"मग?"

"कमळ काढतेस? भरपूर पाकळ्यांचं?"

"आज?"

"तुझा हात किती भराभर चालतो!"

दुपारी कमळ झालं. तेवढ्यात जाऊबाई डोकावल्या. "फोटोत चमकायला हवं गं मिनू. वरून एक हात व्हार्निश मार."

"वाळायचं नाही, दीदी."

"पंखा लाव की!"

धुक्याच्या गारठ्यात पंख्याखाली पाट वाळत राहिला आणि मिनती शिंकत राहिली. संध्याकाळी तिनं कडेला बोट लावून पाहिलं. कोरडं. मध्ये बोट लावायचा धीर काही तिला झाला नाही.

तितिर पाटावर बसली. अंगावर मिनतीचाच लग्नातला लाल बनारसी शालू. सत्तावीस वर्षं ट्रंकेत जपलेला, पण 'तोही हातमागाचा' म्हणून मागून घेतलेला. चार भावांनी पाट उचलला. तितिरनं तोंडापुढे विड्याची पानं धरली.

"रसगुल्ले जरा बेतानं खायचेस गं," तिसऱ्या फेरीला थोरला भाऊ भोंबल कण्हला.

सात फेरे झाले, पानं बाजूला झाली, नजरानजर झाली, बायकांनी जिभा हलवत उलूध्वनीचा मंगल गजर केला. पाट खाली ठेवला. भटजी म्हणाले, "चला, मुलीला मांडवात आणा."

तितिर उठली. पाटही उठला.

ती झटकन खाली बसली. "काकीमा," ती दातांतल्या दातांत म्हणाली, "पाट सोडत नाहीये."

नवरदेवाची बुलू पिशी, म्हणजे आत्याबाई, चष्मा सावरत पुढे आली. "का हो, मुलगी उठत का नाही?"

"आमच्याकडे कन्यादान होईपर्यंत नवरीनं जमिनीला पाय लावायचा नसतो," मिनती म्हणाली. कुठून सुचलं, देव जाणे.

"अगंबाई! किती सुंदर रीत!" पिशी हरखली.

"कधीपासूनची?" भोंबलनं विचारलं.

"उचल," मिनती म्हणाली.

कन्यादान तासभर चाललं. तेवढा वेळ मिनती नवरीच्या मागे एका हातानं वारा घालत आणि पदराआडच्या दुसऱ्या हातानं उलथनं चालवत बसली होती. खोबरेल तेल, उलथनं, परत तेल. कमरेतून कळा येत होत्या. होमासाठी तितिर उठली तेव्हा चर्रर्र आवाज झाला, पण तो शंखाच्या आवाजात बुडाला.

पाट कोरा होता. सगळं कमळ, पाकळी न् पाकळी, शालूवर गेलं होतं. बरोबर बसायच्या जागी.

मिनतीनं डोळे मिटून घेतले. सत्तावीस वर्षं!

"अगंबाई!" पिशीचा आवाज आला. "शालूवर कमळ? तेही रंगवलेलं? कुणी गं केलं हे?"

 सगळे नवरीच्या मागच्या कमळाकडे बघत होते. जाऊबाईंनाही 'आम्ही' म्हणायचं सुचलं नाही. तितिर वळली. तिचे डोळे भरून आले होते. चार माणसांत, चांगल्या मोठ्या आवाजात ती म्हणाली, "आमच्या मिनतीकाकीमानं. सगळं तिनंच केलंय. पत्रिका, मोर, सगळं."

मिनतीनं पाठ ताठ केली. तिनं पदर सारखा केला.

"खरंच?" पिशीनं तिचे दोन्ही हात हातात घेतले. "मग माझं ऐकाच. आमच्या रिंकीचं लग्न फाल्गुनात आहे. तिलाही विकतचं काही नकोय. साडेचारशे पत्रिका..."

मिनतीनं हळूच, एकेक बोट करत, हात सोडवून घेतले.

"पोरगी मायेनं बोलते हो," ती म्हणाली. "सगळं दुकानातलं आहे."

"कुठलं दुकान?"

"बंद झालं," मिनती म्हणाली आणि कोऱ्या पाटावर पाय पसरून बसली. "आजच."