बिरादार मॅडमचा आवाज

भांडणात शेवटचा शब्द आपला असावा असं कुणाला वाटत नाही? बिरादार मॅडम तो डोळे मिटून मिळवतात. समोरचा माणूस तावातावानं बोलत असतो, मी घाईघाईनं त्याचं बोलणं हातांनी त्यांना सांगत असतो, आणि मध्येच त्या खुर्चीत मागे रेलून पापण्या लावून घेतात. संपलं. मॅडम बहिऱ्या आहेत. त्यांनी डोळे मिटले की तुम्ही कितीही ओरडा, त्यांच्यापर्यंत काही पोचत नाही. माझे हात हवेत तसेच राहतात. एका पाहुण्या साहेबांना तर बाईंना चक्कर आली असं वाटलं होतं आणि त्यांनी पाणी मागवलं होतं.

आमचं कॉलेज नांदेडहून विष्णुपुरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. सगळे विद्यार्थी बहिरे. महानंदा बिरादार तिथं चित्रकला शिकवतात आणि मी दुभाष्या आहे. माझे आईवडील दोघंही बहिरे, मुदखेडला वडलांचं शिवणकामाचं दुकान. त्यामुळं तोंडानं बोलायच्या आधी मी हातांनी बोलायला शिकलो. खरं बोलायचं तर माझी निम्मी नोकरी कॉलेजची आणि निम्मी मॅडमच्या रागाची आहे.

दुभाष्याचा एक नियम असतो. ज्याचं बोलणं सांगायचं, त्याचं 'मी' आपण 'मी' म्हणूनच सांगायचं. 'त्या म्हणतात की' वगैरे चालत नाही. त्यामुळं मी, स्वभावानं भित्रा आणि चांगल्या जाड मिशा असलेला माणूस, प्राचार्यांच्या केबिनमध्ये उभा राहून म्हणतो, "मी सांगून सांगून दमले. तुम्हाला लाज कशी वाटत नाही?" प्राचार्य किनवटकडचे, साधे गृहस्थ. ते मॅडमकडं न बघता माझ्याकडंच रागानं बघतात आणि म्हणतात, "सर, तुम्ही तरी असं काय बोलून राहिले?"

हातांच्या भाषेत 'तू' आणि 'तुम्ही' वेगळं नसतं. बोट दाखवलं की झालं. बोलताना मी ते 'तुम्ही' करतो, एवढीच काय ती माझ्याकडून मेहेरबानी. त्यापुढं पाणी घालायची सोय नाही. एकदा घालून पाहिलं. मॅडमनी प्राचार्यांच्या चेहऱ्याकडं बारकाईनं पाहिलं आणि माझ्याकडं वळल्या.

"याचे कान लाल झाले नाहीत," त्या म्हणाल्या. "तू गाळलंस. परत सांग."

मी परत सांगितलं. कान लाल झाले.

आमच्याकडं प्रत्येकाला हातांच्या भाषेतलं एक नाव असतं, आणि ते बहुतेक मॅडमनीच ठेवलेलं असतं. प्राचार्यांचं नाव म्हणजे पँट वर ओढणं. संस्थेच्या अध्यक्षांचं नाव, गळ्यात हार घालून घ्यायला मान पुढं करणं. माझं नाव आवंढा गिळणं. बोलण्याआधी मी गिळतो म्हणे.

'मूकबधिर' हा शब्द त्यांना अजिबात चालत नाही. कॉलेजच्या फाटकावरच्या पाटीत तो होता. मॅडमनी स्वतः शिडी लावून त्यातल्या 'मूक'वर पांढरा रंग फासला. अध्यक्षांनी पेंटर बोलावून तो पुन्हा लिहून घेतला. मॅडमनी पुन्हा फासला. शेवटी पेंटरच कंटाळला. जाब विचारायला आलेल्या कारकुनाला मॅडम म्हणाल्या, "मी मुकी? या दुभाष्याचा घसा बघा बसलेला, आणि मग सांगा."

दर शनिवारी त्या कॉलेजच्या बातम्या देतात. पाण्याच्या टाकीजवळच्या लिंबाखाली उभ्या राहतात, एखादी मुलगी मोबाइल धरते, आणि तो व्हिडिओ मुलांना, पालकांना, कॉलेज सोडून गेलेल्यांना, सगळ्यांना जातो. लातूरच्या जुन्या विद्यार्थ्यानं मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं. इस्लापूरच्या मुलीचं लग्न ठरलं, मुलाला ऐकू येतं, पण हातांची भाषा शिकतोय, म्हणून अभिनंदन; शिकला नसता तर अभिनंदन केलं नसतं. मेसच्या वरणात डाळ शोधावी लागते. मुलींच्या हॉस्टेलसमोर एक अवजड ट्रक रोज मागं घेतात, मागं बघत नाहीत, नुसता हॉर्न वाजवतात, कुणासाठी वाजवतात ते कळवावं. हे सगळं सांगताना मॅडमच्या भुवया अशा चढतात की आवाज नसूनही मोबाइल जरा लांब धरावासा वाटतो. ट्रक मात्र बंद झाला.

मागच्या हिवाळ्यातल्या गॅदरिंगचं सांगतो. मुलांनी दिवाळीपासून एक नाटक बसवलं होतं. पोट दुखतंय म्हणून एक बहिरी मुलगी दवाखान्यात जाते आणि जो येतो तो तिचे कानच तपासतो, असं ते होतं. लिहिलेलं मुलांनी, पडदे मॅडमच्या हातचे. आणि अध्यक्षांनी त्याच संध्याकाळसाठी लातूरहून ऑर्केस्ट्रा आणला. बहिऱ्या मुलांच्या गॅदरिंगला ऑर्केस्ट्रा. समोरच्या सोफ्यांवर त्यांचे पाहुणे बसणार होते ना.

प्रमुख पाहुणे उशिरा आले. हार झाले, शाली झाल्या. मग त्यांचं भाषण. "देवानं या बिचाऱ्यांचा आवाज हिरावून घेतला," ते म्हणाले. मी स्टेजवर उभा राहून हे हातांनी सांगत होतो, आणि समोर मुलं कोऱ्या चेहऱ्यानं माझ्याकडं बघत होती. आपल्याला बिचारं म्हटलेलं आपल्याच भाषेत, आपल्याच माणसाच्या हातांनी बघायचं. ते हात माझे होते. मला त्या वेळी इतका संताप आला होता की बोटं नीट वळेनात.

भाषण संपेना. प्राचार्य मागून माझ्या कानाशी आले. "नाटकाला टाइम न्हाई राहिला. ऑर्केस्ट्रावाले खोळंबलेत. मॅडमला सांगून टाका, पुढच्या वर्षी बघू."

मॅडम मांडवाच्या पार मागं उभ्या होत्या. बहिऱ्या माणसांचं एक बरं असतं, दोघं एकमेकांना दिसली की मधल्या गर्दीचा अडथळा होत नाही. मी स्टेजवरून सांगितलं. पाहुण्यांना वाटलं, त्यांच्याच वाक्याचं भाषांतर चाललंय.

मॅडम एका खुर्चीवर चढल्या. जवळच्या मुलांनी पुढच्यांच्या खांद्यावर टकटक केलं, त्यांनी त्यांच्या पुढच्यांच्या. सगळी डोकी मागं वळली. मॅडम म्हणाल्या, "नाटक मेसमध्ये. आत्ता. खुर्च्या घेऊन चला."

मुलं उठली. मांडवातल्या खुर्च्या लोखंडी, खाली फरशी, आणि लोखंडी खुर्ची ओढली की काय आवाज होतो हे आमच्या मुलांना माहीत असायचं कारण नाही. शेकडो खुर्च्या एकदम ओढल्या गेल्या. सोफ्यावरच्या पाहुण्यांनी कानांवर हात ठेवले. मुलं शांतपणे चालली होती, हसत, गप्पा मारत. प्रमुख पाहुण्यांनी माइक दूर धरून मला विचारलं, "जेवण लागलं का?"

"नाही," मी म्हणालो. "नाटक लागलंय." आणि मीही गेलो.

मेसमध्ये पातेली सरकवून जागा केली होती. स्वयंपाकीण मावशींना हातांची भाषा जेमतेम येते, पण डॉक्टरानं तिसऱ्यांदा कानात बॅटरी मारली तेव्हा त्या हसून खाली बसल्या. नाटक संपलं तेव्हा सगळ्यांनी हात वर करून हलवले, आमच्याकडं टाळ्या अशाच असतात. तिकडं ऑर्केस्ट्रा सोफ्यांसमोर वाजत होता.

मॅडमना पुढच्या आठवड्यात संस्थेच्या बैठकीत बोलावलं. अर्थात मलाही.

"संस्थेची इज्जत घालवली तुम्ही," अध्यक्ष म्हणाले. "या पोरांसाठी मी काय केलं न्हाई?"

मॅडमनी शांतपणे हात उचलले. मी आवंढा गिळला आणि सांगितलं, "तुम्ही ऑर्केस्ट्रा आणलात."

कुणीतरी खोकलं.

"नोकरी कुणी दिली तुम्हाला?"

"पगार घेते तो शिकवण्याचा घेते. तो तुमच्या मेहेरबानीचा असेल तर आत्ता बंद करा. पण पाहुण्यांनी माझ्या पोरांना बिचारं म्हटलं तेव्हा तुम्ही मान डोलवत होतात. मी बघत होते. मी सगळं बघतेच, मला दुसरा उद्योग नाही."

अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला आणि बरंच बोलले. मी सांगत होतो. मॅडमनी डोळे मिटले.

त्यांना सांस्कृतिक समितीतून काढलं. पुढच्या शनिवारच्या बातम्यांत पहिली बातमी तीच होती. "चित्रकलेच्या बिरादार यांना समितीतून काढण्यात आलं आहे. बिरादार यांची तब्येत उत्तम आहे."

इथवर कुणालाही वाटेल की ही बाई कुणालाच भीत नाही. मलाही तसंच वाटायचं. मग उन्हाळ्यात त्यांच्या भावाचा मला फोन आला. अव्वा, म्हणजे त्यांची आई, आजारी होती. "ताईला घेऊन या सर, तिला फोनवर सांगता येत न्हाई." मॅडम म्हणाल्या, "तू चल. मला या वेळी सगळं कळलं पाहिजे."

उदगीरला त्यांच्या घरचं कापडाचं दुकान, वर घर. आम्ही पोचलो तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. भाऊ, भावजया, भाचे, शेजारी. सगळे एकदम बोलत होते, अर्धं मराठीत, अर्धं कानडीत. मॅडम पलंगाच्या कडेला बसल्या. आणि हसत राहिल्या. कुणीही तोंड हलवलं की मान डोलवायच्या. भावजयीनं काही गंमत सांगितली, सगळे हसले, मग जरा उशिरा मॅडमही हसल्या. कॉलेजात त्या अशा हसल्या असत्या तर मी डॉक्टरला बोलावलं असतं.

मी ती गंमत सांगायला हात उचलले, तर भाऊ म्हणाला, "राहू द्या सर. काई महत्त्वाचं न्हाई. नंतर सांगतो तिला."

तिथं मी नियम मोडला आणि माझ्या मनानं बोललो. "नंतर म्हणजे कधी, दादा? केस पिकले त्यांचे. या घरात कुणाला चार खुणा शिकाव्या वाटल्या नाहीत?"

मॅडमनी माझ्या दंडाला हात लावला. "काय म्हणालास?" मी सांगितलं. त्यांचे डोळे पेटले, पण माझ्यावर.

"हे तुझं काम नाही. माझं भांडण मी करीन."

"मग करा," मी म्हणालो.

त्यांनी केलं नाही. उठून आतल्या खोलीत अव्वाकडं गेल्या.

अव्वा उशीला टेकून बसल्या होत्या. लेकीला बघून त्यांनी बोटं तोंडाशी नेली: जेवलीस का? मॅडमनी नाही म्हणून मान हलवली. जेव, झोप, ये, नको. जन्मभर मायलेकींचं बोलणं एवढ्यावर चाललं होतं.

"तुमाला हिचं समदं कळतंय?" अव्वांनी मला विचारलं.

"हो अव्वा. त्यांना काय सांगायचं?"

मॅडमनीच आधी हात उचलले. "लातूरच्या शाळेत मला ठेवलंस, त्या दिवशी. मी लहान होते. तू फाटकापाशी उभी होतीस आणि तुझं तोंड खूप हलत होतं. चेहरा लाल झाला होता. तू माझ्यावर एवढी का चिडली होतीस?"

मी सांगितलं.

"तुझ्यावर कशाला चिडू गं माय? त्या वाचमनला बोलत होते म्या. म्हनलं, हिला अंधारात लई भ्याव वाटतंय, कुनाचे हात दिसत न्हाईत, पोरीपाशी येक दिवा राहू दे. तर म्हनला, असं चालत न्हाई. मंग म्या लई भांडले त्याला. लई वाईट वाईट बोलले."

मी हातांनी ते सांगत असताना मॅडमची नजर माझ्या बोटांवरून हलली नाही. "परत सांग," त्या म्हणाल्या. मी परत सांगितलं. "परत." तिसऱ्यांदा सांगितलं. मला कळलं होतं की त्यांना ते पहिल्या वेळीच समजलं होतं.

"मंग?" अव्वांनी लेकीचं मनगट धरलं. "ठेवला का गं त्यानं दिवा? ईच्यारा हो तिला. मला कधी कळलंच न्हाई."

मॅडम क्षणभर भिंतीकडं बघत होत्या. मग त्यांनी मनगट सोडवून घेतलं, कारण बोलायला हात लागतात.

"ठेवला, अव्वा," मी सांगितलं. "रोज. मी गाढ झोपायचे."

अव्वांनी डोळे पुसले आणि सुनेला हाक मारून लेकीचं ताट वाढायला सांगितलं.

अव्वा पुढं त्या दुखण्यातून उठल्या. आम्ही दोन दिवसांनी दुपारच्या एसटीनं परत निघालो. उदगीर मागं पडल्यावर मॅडमनी माझ्या खांद्यावर बोट टेकवलं.

"दिवा नव्हता," त्या म्हणाल्या. "शेजारच्या खाटेवर निलंग्याची एक मुलगी होती. अंधारात ती माझा हात हातात घ्यायची, आणि आम्ही एकमेकींच्या तळहातावर बोलायचो. ती दोन वर्षांत शाळा सोडून गेली."

"मग?" मी विचारलं.

"मग काय. मग सकाळ व्हायची वाट बघायची."

तो वाचमन आता हयात असेल की नाही मला माहीत नाही. म्हातारा झाला असेल, नातवंडं असतील, देवळात जाऊन बसत असेल. कुठं राहतो हे कळलं तर मला एकदा त्याच्या दारात भांडायला जाऊन उभं राहायचं आहे.