शिट्टी वाजली की तळमजला

किराण्याच्या दोन पिशव्या आबांच्या ओट्यावर टेकवून थोरला मुलगा सरळ मुद्द्यावर आला.

"आबा, आता बास झालं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, त्यात गुडघा नवा बसवलेला. माझ्या दवाखान्यामागची तळमजल्यावरची खोली रिकामी आहे. पुढच्या आठवड्यात सामान हलवू."

थोरला दातांचा डॉक्टर होता. दिवसभर तो ज्यांच्याशी बोले, ती माणसं तोंड उघडून बसलेली असत, पण त्यांना बोलता येत नसे. त्यामुळे आपलं म्हणणं सगळ्यांना पटतं, असा त्याचा प्रामाणिक समज होऊन बसला होता.

"त्या खोलीत काय करू? भिंतीपलीकडून लोकांचं 'आ, आ' ऐकत बसू?" आबा म्हणाले. "आणि खिडकीतून काय दिसतं? तुझ्या गाडीचं चाक."

आबांच्या या घराच्या खिडकीतून शाळेचं मैदान दिसायचं. त्या मैदानावर त्यांनी जन्मभर मुलांना कवायत शिकवली होती. निवृत्त झाल्यावरही सकाळी एखादी रांग वाकडी दिसली, की चहाचा कप हातात धरून ते वरूनच ओरडत, "ए, लाल दप्तर! सरळ!" आणि खाली कुणीतरी खरंच सरळ व्हायचं.

धाकटी सून डब्यांत डाळ-तांदूळ भरत होती. तिला दोघांचंही पटत होतं, हेच तिचं दुखणं होतं. जिन्यात आबांचा पाय घसरला तर, या विचाराने तिचा जीव रोज टांगणीला लागे. आणि तळमजल्यावर गेल्यावर आबा ओरडणार कुणावर, या विचाराने तर जास्तच.

"गुडघ्याची एवढी काळजी आहे ना तुला?" आबा म्हणाले. "मग या रविवारी तू फिरायला जातोस त्या टेकडीवर मला ने. माथ्यापर्यंत माझ्या पायांनी चढलो, तर तळमजल्याचं नाव पुन्हा काढायचं नाही."

"आबा, ती टेकडी नाही. डोंगर आहे."

"मग तर उत्तमच."

डॉक्टरने क्षणभर विचार केला. "ठीक आहे. पण माझीही एक अट. हिच्या गळ्यात शिट्टी राहील. थकवा आला, पाय दुखला, चक्कर आली, की ही वाजवणार. आणि शिट्टी वाजली की तळमजला."

'हिच्या' म्हणजे आपल्या, हे धाकटीला जरा उशिरा कळलं. "मी? भाऊजी, मी कशाला? घरी मुलगी लहान आहे..."

"तिला तिचा बाप सांभाळेल. त्यालाही कळू दे."

"बरं, पण डोंगरावर म्हणे सगळ्यात हळू चालणाऱ्याला पुढे ठेवतात," धाकटी भीतभीत म्हणाली. "मी वाचलंय कुठेतरी."

"वाचून कुणी डोंगर चढत नाही," डॉक्टर म्हणाला.

"आणि सगळ्यात हळू कोण, असं म्हणायचंय तुला?" आबांनी विचारलं. त्या दिवसात बापलेकांचं एकमत झालं ते एवढ्या एकाच गोष्टीवर.

रविवारी पायथ्याशी गाडी लावली, तेव्हा डॉक्टरच्या डोक्यावर भडक केशरी टोपी होती आणि पायांत असे बूट होते, की ते एकटे सोडले असते तरी माथ्यावर जाऊन आले असते. धाकटीच्या पिशवीत पाणी, केळी, बिस्किटं, साखर-मीठ, गुडघ्याची पट्टी आणि मुलीचा एक जादा फ्रॉक होता. मुलगी आली नव्हती. फ्रॉक सवयीने आला होता.

"आण ते इकडे," म्हणत डॉक्टरने सगळं आपल्या पाठपिशवीत कोंबलं. "तुम्हाला ओझं नको. मोकळं चाला."

मोकळं चाला म्हणाला आणि स्वतः सुटला. पहिल्या वळणावर तो कमरेवर हात ठेवून उभा होता. धाकटी आणि आबा तिथे पोचले, तसा म्हणाला, "छान! झाली विश्रांती, चला." त्याची झाली होती. यांची सुरूच व्हायची होती. पुढच्या वळणावर तेच. त्याच्या पुढच्या वळणावरही तेच.

'थांब' हा शब्द आबांनी आयुष्यभर दुसऱ्यांना उद्देशून वापरला होता. स्वतःसाठी तो त्यांच्या जिभेवर येईना. मग त्यांची बुटाची नाडी सुटू लागली. एकदा त्यांना मुंग्यांचं वारूळ बघायचं होतं. एकदा एका अगदी साध्या झाडाकडे ते इतका वेळ बघत राहिले, की धाकटीलाही त्यात काहीतरी असावं असं वाटलं.

"आबा, दमलात का?"

"मी झाड बघतोय."

"मी दमलेय."

"मग तूही बघ."

ते झाड बघून होईपर्यंत केशरी टोपी दिसेनाशी झाली. ऊन चढलं होतं. आबांनी ओठांवरून जीभ फिरवली आणि सवयीने बाटलीकडे हात नेला. बाटली कुठली? पाणी पुढे गेलं होतं, तहान मागे राहिली होती.

धाकटीने शिट्टीला हात घातला.

"वाजवून तर बघ," आबा म्हणाले. आवाज मोठा नव्हता. पण ज्या आवाजाने भरलेलं मैदान गप्प व्हायचं, तोच तो आवाज. धाकटीचा हात आपसूक खाली आला.

थोडं वर वाट फुटली होती. एक पायवाट नाकासमोर खडी चढत होती, दुसरी रुंद वाट उजवीकडे वळली होती आणि तिच्यावर पाटी होती, 'पाण्याची टाकी'.

"भाऊजी सरळ गेले असणार," धाकटी म्हणाली.

"तो जाईल सरळ. पाणी त्याच्याजवळ आहे."

टाकीला नळ होता. पाणी इतकं गार, की दोघं ओंजळीमागून ओंजळ पीत राहिले. पुढे ती रुंद वाट डोंगराला वळसा घालत हळूहळू वर जात होती. एखादी म्हातारी गायसुद्धा तक्रार न करता चढली असती.

"हिनेच जाऊ," आबा म्हणाले. "पण पाय उचल. तो माथ्यावर घड्याळ बघत बसला असेल."

आता खरी गंमत सुरू झाली. ज्यांना सांभाळायला धाकटीला आणलं होतं, ते आबा त्या रुंद वाटेवर घड्याळासारखे चालू लागले, आणि सांभाळणारीची पिंडरी भरून आली. मूल झाल्यापासून तिने पळापळ पुष्कळ केली होती, पण ती सगळी घरातल्या घरात. एका चढाला ती मटकन दगडावर बसली.

आबा थांबले. या खेपेला नाडी सुटली नाही.

"बस. घाई नाही. मग माझ्याशी बोलत बोलत चाल. बोलता आलं नाही, तर वेग जास्त झाला असं समज."

"काय बोलू?"

"पोरीला आज कोण जेवायला घालणार ते सांग."

हा विषय धाकटीला माथ्यापर्यंत पुरला असता.

इकडे डॉक्टर खड्या वाटेवर, माथ्याच्या बऱ्याच खाली, एका सपाट कातळावर बसला होता. आधी तो खुशीत होता. मग वैतागला. मग कान टवकारून बसला. आधी शिट्टी वाजावी असं वाटत होतं ते जिंकण्यासाठी. नंतर ती नुसती वाजावी, एवढंच वाटू लागलं. ती काही वाजेना. थकलेला माणूस शिट्टी वाजवतो. पडलेला माणूस वाजवू शकत नाही. हा विचार डोक्यात आला मात्र, डॉक्टरच्या तोंडचं पाणी पळालं, पाठीवर सगळ्यांचं पाणी असूनही.

पाठपिशवीसकट तो पायथ्यापर्यंत धावत उतरला. गाडीपाशी कुणी नव्हतं. धाकटीचा फोन लागेना, म्हणून त्याने धाकट्या भावाला फोन लावला.

दोनच मिनिटांनी धाकटीचा फोन वाजला. ती आणि आबा माथ्याच्या अगदी खाली होते.

"अगं, तू हरवलीयस का?" नवऱ्याने विचारलं.

"नाही."

"आणि आबा?"

"हे काय, माझ्या शेजारी. नाक शिंकरतायत."

"मग दादा रडवेला होऊन का बोलतोय? म्हणाला, दोघंही कुठे दिसत नाहीत. थांब जरा, ही भिंतीवर काहीतरी काढतेय. अगं, तो माझा शेव्हिंगचा ब्रश! ... मग हरवलंय कोण नक्की?"

"भाऊजींना सांगा, आम्ही वर आहोत!"

"केव्हापासून करतोय, आता त्याचा लागतच नाहीये."

माथ्यावर दोघं पोचले, तेव्हा तिथे वारा होता आणि दुसरं कुणीही नव्हतं. आबांनी कमरेवर हात ठेवून चारी बाजूंना पाहिलं. चेहऱ्यावर असा आनंद पसरला, की त्यांचं वय त्यात कुठे गेलं कळेना.

"वाट बघायला लावतो बापाला," ते म्हणाले.

तेवढ्यात धाकटीला खाली केशरी टोपी दिसली. खड्या वाटेने ती वर येत होती. मध्येच थांबली, वळली, खाली पळाली. वाट सोडून झुडपांत वाकली. पुन्हा वर. पुन्हा कड्याच्या बाजूला.

"काय शोधतोय हा?" आबा म्हणाले.

"तुम्हाला."

आबा दोन पावलं पुढे आले. धाकटीने हाका मारल्या, ओढणी हलवली. वारा उलटा होता. खाली टोपी एकदम बसली. माणूस पाय धरून बसला होता. मग तो लंगडत उठला आणि नको तितका पुढे होऊन कड्यावरून खाली डोकावला.

"आबा, मी वाजवते." तिने शिट्टी ओठांशी नेली. "अट गेली खड्ड्यात. घरी गेल्यावर मी सामान बांधू लागेन तुम्हाला. पण मी वाजवते."

आबांनी तिच्यापुढे हात केला. "दे इकडे. तुझी तिथपर्यंत जायची नाही."

आणि त्यांनी शिट्टी वाजवली. कितीतरी वर्षं छातीत साठवून ठेवलेली असावी तशी. डोंगरावरचे पक्षी उडाले. खाली केशरी टोपी मागे सरली आणि ताठ झाली. टाचा जुळलेल्या, हात मांड्यांना चिकटलेले, दातांचा नावाजलेला डॉक्टर कड्यापासून दोन हात मागे सावधान उभा राहिला.

तो वर पोचायला बराच वेळ लागला. पोचला तो आबांच्या समोर उभा राहिला आणि ओरडायला म्हणून तोंड उघडलं, पण आवाज भलताच निघाला. "कुठे होतात तुम्ही?"

"इथेच. बूट काढ."

"आबा, मी सगळीकडे..."

"पाहिलं मी. बूट काढ म्हटलं ना. पोटरीत गोळा आलाय. सकाळपासून काही खाल्लंस? सगळ्यांचं खाणं पाठीवर घेऊन उपाशी फिरतोय बघ, हमाल."

आबांनी त्याची पोटरी चोळली, धाकटीने साखर-मिठाचं पाणी पाजलं, दोन केळी खाऊ घातली. तोंड पुसायला दुसरं काही हाती लागेना, तेव्हा मुलीचा फ्रॉक पुढे केला. त्याने तोही घेतला. पण सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही. तिसऱ्या केळ्याबरोबर डॉक्टरच्या अंगात थोडी धुगधुगी आली.

"पण आबा, काही म्हणा. शिट्टी वाजली."

"वाजली."

"म्हणजे अटीप्रमाणे..."

"अट काय होती? कुणी थकलं, पाय दुखला, चक्कर आली, की वाजवायची. सांग, पाय कुणाचा दुखत होता?"

डॉक्टरने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. धाकटीला त्याचे पेशंट आठवले.

उतरताना क्रम आबांनी लावला. डॉक्टर पुढे, धाकटी मध्ये, आबा मागे. "तुझे पाय मला दिसू देत. आणि बोलत बोलत चाल." डॉक्टर बोलायला लागला, ते कुणाच्या तरी काढलेल्या सुळ्यापासून या वर्षी एकही सुट्टी घेतली नाही इथपर्यंत. कुणी मध्ये बोललं नाही. या वेळी ऐकणाऱ्यांची तोंडं मोकळी असूनही.

आबांच्या इमारतीपाशी पोचले, तोवर संध्याकाळ झाली होती. "मी वरपर्यंत येतो तुम्हाला सोडायला," डॉक्टर म्हणाला.

"मी तुला सोडायला सांगितलं नाही. पण ये."

दोघं जिन्यापाशी आले. आबांनी जिन्याकडे पाहिलं. डॉक्टरने जिन्याकडे पाहिलं. मग, कुणीही कुणाला काही न सांगता, दोघं पहिल्या पायरीवर शेजारी शेजारी बसले.

"चहा घेऊ या आधी," आबा म्हणाले.

चहा तिसऱ्या मजल्यावर होता. धाकटी कठड्याला धरून वर गेली, चहा केला, घरी फोन करून भिंत कितपत रंगली त्याची चौकशी केली आणि दोन कप घेऊन खाली आली. शेजारचे गृहस्थ भाजी घेऊन जिन्यात शिरत होते.

"काय आबा, आज इथे?"

"हवा छान आहे," आबा म्हणाले.

"फार छान," डॉक्टरने दुजोरा दिला.

गृहस्थ हवा कुठे आहे ते बघत वर गेले. डॉक्टरने पाय लांब केले, कपातली शेवटची वाफ तोंडावर घेतली आणि हळूच म्हणाला, "खरं सांगू का आबा? तळमजला इतका काही वाईट नसतो."

"बसायला चांगला आहे," आबा म्हणाले. "राहायचं वर."

डॉक्टरने पोटरी चोळत मान डोलावली. आबांनी रिकामा कप सुनेपुढे धरला.

"सूनबाई, अजून अर्धा अर्धा होऊ दे. तू आण तोवर, आम्ही निघतोच आहोत."

धाकटी कप घेऊन पुन्हा चढू लागली. दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबली आणि कठड्यावरून वाकून तिने खाली पाहिलं. बापलेक अजून पहिल्या पायरीवरच होते. आधी दुसऱ्याने उठावं म्हणून दोघंही अगदी आदराने वाट बघत होते.